कुरेची आजी: एका श्रद्धांजलीचा प्रकरण अभ्यास

मेलबर्नमध्ये मी सेलिब्रंट म्हणून काम करते. ज्या घरांना धर्मगुरू नको असतो, त्यांचे लग्नाचे आणि अंत्यविधीचे सोहळे आम्ही चालवतो. ऑस्ट्रेलियात ही पद्धत 1973 पासून रुजली. अंत्यविधीच्या वेळी गेलेल्या माणसाच्या आयुष्यावर सात-आठ मिनिटांचं भाषण असतं आणि ते लिहिणं हाच या कामातला खरा अवघड भाग. खालचं प्रकरण घरच्यांच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही बारकावे बदलले आहेत.

पार्श्वभूमी

आजी 2022 च्या मे महिन्यात गेल्या, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. जन्म 1929 चा, जपानमधल्या कुरे शहरातला. हिरोशिमापासून वीसेक किलोमीटरवरचं हे बंदर, आणि नौदलाचा प्रचंड कारखाना हीच त्याची ओळख. 'यामातो' ही युद्धनौका तिथेच बांधली गेली. आजींचे वडील जवळच्या बेटावरून कारखान्यात कामाला आले आणि कुरेतच राहिले. युद्धाच्या शेवटच्या काळात शाळकरी मुलामुलींनाही अशा कारखान्यांत जुंपलं गेलं. पंधरा वर्षांच्या आजी त्यांपैकीच एक.

कुरेचं 1945 हे साल सांगायला घेतलं की थांबावंसं वाटत नाही. 22 जूनला कारखान्यावर बॉम्ब पडले. 1 जुलैच्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्यात शहराचा मधला भाग जळून गेला. डोंगरात खणलेल्या बोगद्यांत आसऱ्याला गेलेली कितीतरी माणसं धुरात गुदमरून गेली. 6 ऑगस्टला डोंगरापलीकडे हिरोशिमाचा ढग दिसला. युद्ध संपून महिना होतो न होतो तोच सप्टेंबरच्या वादळात दरडी कोसळल्या आणि एकट्या कुरेत अकराशेहून अधिक माणसं दगावली. बॉम्बची आठवण सगळे काढतात, वादळाची कुरेबाहेर फारसं कुणी काढत नाही.

1946 पासून कुरे भागात ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजा होत्या, त्यात ऑस्ट्रेलियन बरेच. स्थानिकांशी मिसळायचं नाही असा सक्त हुकूम होता आणि तो जितका पाळला जायचा तितकाच पाळला गेला. आजी छावणीच्या उपाहारगृहात कामाला होत्या. कोरियाच्या युद्धात कुरे हाच तळ होता, तेव्हा तिथे आलेल्या एका ऑस्ट्रेलियन कॉर्पोरलशी त्यांची ओळख झाली. पण जपानी बायकोला ऑस्ट्रेलियात आणायला बंदी होती. ती 1952 च्या मार्चमध्ये मंत्री हॅरोल्ड होल्ट यांनी उठवली. त्याच वर्षी चेरी पार्कर ही पहिली जपानी वधू मेलबर्नला पोचली. पुढच्या काही वर्षांत अशा साडेसहाशेच्या आसपास स्त्रिया आल्या. आजी 1953 मध्ये बोटीने आल्या. त्यांना आधी पाच वर्षांचा तात्पुरता परवाना मिळाला, नागरिकत्व पुष्कळ नंतर.

त्यापुढची सुमारे सत्तर वर्षं विक्टोरियात गेली. दूधदुभत्याचं गाव, सासरचा गोठा, दोन मुलं, मग शाळेच्या कँटीनमधली नोकरी. नवरा 1998 मध्ये गेला. सोया सॉससाठी त्या बसने मेलबर्नच्या लिटल बर्क स्ट्रीटवरच्या चिनी दुकानांत जायच्या. उमे हे आंबट फळ मिळेना म्हणून त्या जर्दाळूच मिठात घालून मुरवायच्या. नातवंडांना ती चव जन्मभर पुरली. आपल्याकडे आजीच्या हातच्या लोणच्यावरून भावंडांत वाद होतात, तसाच शेवटच्या बरणीवरून या घरातही झाला.

अडचण

विधीला आठवडाभर उरलेला होता. थोरला मुलगा सत्तरीच्या जवळ आलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: "आई इथली होती. युद्ध, बॉम्ब काही नको. तिनं ते मागे टाकलं, तुम्ही उकरू नका." त्याच्या या हट्टामागे पन्नासच्या दशकातलं गाव होतं. शत्रूची बायको घरात आणली म्हणून वडिलांशी काही माजी सैनिक कधीच बोलले नाहीत, आणि शाळेत त्याला रोज एकाच शब्दाने हाक मारली जायची. आपण वेगळे आहोत हे लपवण्यात त्याचं बालपण गेलं होतं.

मुलीची मुलगी, म्हणजे नात, नेमकी उलट्या टोकाला. ती तिशीतली. आजीने अणुबॉम्बचा ढग पाहिला इथूनच भाषण सुरू व्हावं असा तिचा आग्रह. आणि तिच्याकडे एक गोष्ट होती जी इतरांकडे नव्हती. शेवटची तीन वर्षं आजी वृद्धाश्रमात होत्या. स्मृतिभ्रंश वाढत गेला तशी इंग्रजी विरत गेली आणि उरली ती कुरेची बोली. नंतर शिकलेली भाषा आधी सोडून जाते, हे वृद्धांच्या संगोपनात काम करणाऱ्यांना नवं नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांना, ज्यांत पंजाबी, मल्याळी, नेपाळी आणि एक नागपूरची मुलगीही होती, आजींच्या बोलण्याचा सूर कळायचा, शब्द कळायचे नाहीत. नातीलाही कळायचे नाहीत. तरी ती फोनवर ते बोलणं रेकॉर्ड करून ठेवायची.

मुलगी मधल्या मधे. तिला भाऊही दुखवायचा नव्हता आणि लेकही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मुलाचा: फक्त ऑस्ट्रेलियातलं आयुष्य सांगायचं. सोपा आणि शांततेचा. पण त्र्याण्णव वर्षांतली पहिली चोवीस वगळली तर ते भाषण त्या बाईचं राहत नाही. शिवाय हॉलमध्ये तिच्यासारख्याच आणखी दोन म्हाताऱ्या जपानी मैत्रिणी बसणार होत्या.

दुसरा पर्याय नातीचा. त्यात एक धोका असतो, तो अनुभवाने कळतो. हिरोशिमा हा शब्द भाषणाच्या सुरुवातीला आला की त्यानंतरचं काही लोकांच्या कानात शिरत नाही. गोठा, कँटीन, जर्दाळू, सगळं वाहून जातं आणि आजी म्हणजे 'ढग पाहिलेली बाई' एवढीच उरते.

तिसरा पर्याय नातीनेच मांडला: दुभाषी गाठायचा, रेकॉर्डिंग ऐकून घ्यायची आणि त्यातलं काही भाषणात वापरायचं. इथे मी ठाम नाही म्हटलं. मन विस्कटलेल्या अवस्थेत, समोर कोण आहे याचं भान नसताना माणूस जे बोलतो, ते चारशे लोकांपुढे वाचून दाखवायला त्याची संमती आहे असं कसं धरायचं? शुद्धीत असताना सत्तर वर्षं जे तिने उघड केलं नाही, ते आता केवळ रेकॉर्ड झालं म्हणून सार्वजनिक होत नाही. रेकॉर्डिंग ऐकायची की नाही हा घरचा प्रश्न, आणि तो विधीनंतरही सुटू शकतो. त्याला घाई नव्हती.

काय ठरलं

मी तिघांपुढे एकच निकष ठेवला: आजींनी शुद्धीत असताना, स्वतःच्या तोंडाने, घरातल्या कुणालाही जे सांगितलं असेल तेच भाषणात येईल. कुणी काय ऐकलं ते प्रत्येकाने वेगवेगळं लिहून द्यायचं, एकमेकांना न दाखवता.

यातून जे निघालं त्याने मुलगाच चकित झाला. नात शाळेत असताना तिच्या प्रकल्पासाठी आजींनी ढगाबद्दल चार वाक्यं सांगितली होती: आधी लख्ख उजेड, मग खिडक्यांचा खडखडाट, मग डोंगरावर चढत गेलेला ढग, आणि पुन्हा कामाला लागा असा मुकादमाचा आवाज. म्हणजे ढग निकषात बसत होता. मुलीला त्यांनी वादळाच्या रात्रीबद्दल सांगितलं होतं. आणि मुलाला, फक्त त्याला, बोटीवरच्या प्रवासात आपण किती घाबरलो होतो ते.

भाषणात ढग आला, तो मध्यावर, त्या चार वाक्यांतच, आणि मुकादमाच्या वाक्यावर ते संपलं. पुढचं वाक्य कँटीनमधल्या तिच्या शिस्तीचं होतं. लोक हसले. मुलाने नंतर फक्त मान हलवली. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

इथवर प्रकरण साधं आहे. खरा गुंता विधीनंतर झाला.

कुरेहून आलेला कागद

आजींच्या धाकट्या भावाची मुलगी कुरेत राहते, सत्तरीच्या घरात. नातीने तिला पत्र पाठवून कुटुंबाची माहिती मागितली. जपानमध्ये प्रत्येक कुटुंबाची 'कोसेकी' नावाची नोंदवही नगरपालिकेत असते. जन्म, लग्न, मृत्यू, दत्तक, सगळं त्यात. ती कुणालाही मिळत नाही, पण थेट वंशजाला पूर्वजांची प्रत मागता येते. परदेशातून पोस्टाने मागवणं शक्य असतं, तरी शुल्क बहुतेक ठिकाणी जपानी पोस्टाच्या मनीऑर्डरने भरावं लागतं आणि ती बाहेर विकत मिळत नाही. म्हणून तिथलं कुणी असलं की सोपं जातं. भाचीने आपल्या आजोबांची नोंद म्हणून जुन्या प्रती स्वतः काढल्या, दर प्रतीला 750 येन देऊन, आणि पाठवल्या.

त्या कागदातून दोन गोष्टी निघाल्या.

एक कायद्याची. जुन्या हस्तलिखित नोंदीत घरातून वजा झालेल्या माणसाच्या नावावर फुली मारत असत. आई, वडील, भाऊ, सगळ्यांवर फुल्या होत्या. आजींच्या नावावर नव्हती. त्यांचं लग्न तिकडे कधी कळवलंच गेलं नव्हतं आणि ऑस्ट्रेलियन नागरिकत्वही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की जपानी नागरिकत्व आपोआप जातं, पण नोंदवहीतून नाव जायला कुणीतरी कळवावं लागतं. तेव्हा कागदावर आजी कुरेतल्या अविवाहित जपानी नागरिक होत्या आणि हयात होत्या. हे काही जगावेगळं नाही. 2010 मध्ये जपानच्या न्याय मंत्रालयाने तपासलं तेव्हा शंभरी ओलांडलेली पण ठावठिकाणा नसलेली दोन लाख तीस हजारांहून अधिक माणसं नोंदवह्यांत 'जिवंत' सापडली होती.

दुसरी गोष्ट घरची. आजी नेहमी सांगायच्या की आम्ही दोघंच भावंडं. नोंदीत तिसरं नाव होतं. एक बहीण, वय पाच, मृत्यू 2 जुलै 1945, कुरे.

आता नातीला थांबवणं शक्य नव्हतं, आणि योग्यही नव्हतं. तिने एका व्यावसायिक जपानी दुभाषीकडून रेकॉर्डिंग ऐकून घेतल्या. बराचसा भाग जेवणाबद्दल, पायांच्या दुखण्याबद्दल, कुणा शिक्षिकेबद्दल. पण एक नाव परत परत येत होतं, तेच, नोंदीतलं. आणि त्याला जोडून लहान मुलाशी बोलावं तशी वाक्यं: धर नीट. सोडू नको. उतर आता, पाठ दुखते.

नातीने हे सगळं टाइप करून त्याच संध्याकाळी पूर्ण कुटुंबाला ईमेलने पाठवलं. मामाने ते एकट्याने, रात्री, फोनच्या पडद्यावर वाचलं. त्यानंतर कित्येक आठवडे तो तिच्याशी बोलला नाही.

नोंद कशी करायची

कुटुंब पुन्हा माझ्याकडे आलं ते यासाठी. आजींच्या आयुष्याचं एक छोटं पुस्तक घरापुरतं छापायचं ठरत होतं आणि त्यात बहिणीचं काय करायचं हा वाद होता. नातीने गोष्ट मनात रचूनही टाकली होती: सोळा वर्षांची मुलगी, पाठीवर धाकटी बहीण, जळतं शहर, बोगदा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल अशी गोष्ट. पण ती खरी आहे का? नोंदीत तारीख आणि ठिकाण आहे, कसं झालं ते नाही. मोठ्या बहिणीने लहानग्याला पाठुंगळीला बांधून फिरवणं त्या काळात घरोघरी होतं. ती वाक्यं एखाद्या साध्या दुपारचीही असू शकतात. दोन कागद शेजारी ठेवले की मधली जागा आपलं मन भरतं, आणि तिथेच लिहिणाऱ्याने हात आखडता घ्यायला हवा असं मला वाटतं.

मी सुचवलं की पुस्तकात बहिणीचं नाव, वय आणि मृत्यूची तारीख यावी, इतर कुटुंबीयांसारखीच, वंशावळीच्या पानावर. एका लहान मुलीचं नाव नोंदवहीत आहे, ते तिच्याच घरच्या पुस्तकात नसावं याला काही कारण नाही. रेकॉर्डिंगचा अनुवाद मात्र पुस्तकात नको. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा, ज्याला वाचायचं त्याने वाचावं, आणि त्यावर वरती स्पष्ट लिहावं की हे बोलणं कोणत्या अवस्थेतलं आहे. नातीला हे भेकडपणाचं वाटलं. ती तसं म्हणालीही. पण शेवटी मान्य केलं, कारण तिच्या आईने प्रथमच तिला विरोध केला.

अस्थींचा प्रश्न

मुलीला अर्ध्या अस्थी कुरेजवळच्या कौटुंबिक थडग्यात ठेवायच्या होत्या. इथल्या मराठी कुटुंबांत नाशिक-त्र्यंबकेश्वरची जी ओढ असते ती मला ठाऊक आहे, त्यामुळे ही इच्छा मला अगदी स्वाभाविक वाटली. अस्थी विभागून दोन ठिकाणी ठेवण्याची चाल जपानमध्येही आहे. पण दोन अडचणी निघाल्या.

पहिली पद्धतीची. जपानमध्ये दहनानंतर हाडं अखंड राहतील अशी काळजी घेतात. घरचे लोक ती चॉपस्टिकने उचलून कलशात ठेवतात, पायांपासून सुरुवात करून डोक्यापर्यंत, म्हणजे कलशात माणूस उलटा होत नाही. ऑस्ट्रेलियात हाडं यंत्रात दळून भुकटी करून देतात. आजींच्या बाबतीत ते होऊन गेलेलं होतं. फोटो पाहून भाचीने फार सभ्यपणे विचारलं की बाकीचं कुठे आहे.

दुसरी अडचण मोठी. भाची ते थडगंच बंद करायच्या तयारीत होती. तिचा एकुलता मुलगा ओसाकाला, अविवाहित. आजींच्या वडिलांच्या बेटावरच्या गावात माणसं उरलेली नाहीत, चढावरच्या थडग्याची झाडलोट तिच्याने होत नाही. जपानभर अशी थडगी आज बंद होताहेत आणि अस्थी मंदिराच्या सामायिक स्मारकात हलवल्या जाताहेत. तिने आधी हे सांगितलं नव्हतं, कारण परदेशातल्या नातेवाइकांना नाही म्हणणं तिला प्रशस्त वाटेना. मुलीने थेट "तुम्हाला याचा त्रास होईल का?" असं विचारल्यावरच ते बाहेर आलं.

पर्याय मग आपोआप कमी झाले. समुद्रात विसर्जन करायचा विचार झाला आणि मागे पडला. आजी स्वतः एवढंच म्हणाल्या होत्या की "यांच्याजवळ ठेवा." अस्थी विक्टोरियात, नवऱ्याशेजारी ठेवल्या.

काय झालं

2022 च्या ऑगस्टमध्ये जपान स्वतंत्रपणे येणाऱ्या पर्यटकांना अजून बंदच होतं. हिरोशिमा भागात ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, दिवसांत बांबूच्या काठीवर रंगीत कागदाचे कंदील थडग्यांवर लावतात, आणि त्या वर्षी घरात कुणी गेलं असेल तर पांढरा. आजींच्या अस्थी तिथे नसतानाही भाचीने पांढरा लावला आणि फोटो पाठवला. तो पाहून मुलीला लहानपणची एक गोष्ट उमगली: आई ऑगस्टच्या थंडीत, बागेत घेवड्याच्या वाफ्यात, रंगीत कागद गुंडाळलेली काठी रोवायची. मुलांसाठी हस्तकला, असं सगळ्यांनी धरलं होतं.

2023 च्या वसंतात मुलगी आणि नात कुरेला जाऊन आल्या. मुलगा गेला नाही. पण नागरिकत्व गेल्याचं कळवण्याचं काम त्यानेच केलं. जुन्या ट्रंकेतून आईचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र शोधलं, मेलबर्नच्या जपानी वाणिज्य दूतावासातून अर्ज पुरा केला. भावनेच्या कामापेक्षा कागदाचं काम त्याला जमतं, आणि घरात असा एक माणूस लागतोच.

समाधीवरच्या पाटीवर दोन्ही नावं आहेत. जपानी नाव नोंदवहीत काताकानात, म्हणजे उच्चारानुसार लिहायच्या लिपीत होतं, पत्रांवर आजी कांजीत, म्हणजे चिनी वळणाच्या चिन्हांत सही करायच्या. सही करायच्या तसं कोरलं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, दुभाषी. वृद्धाश्रमासाठी फोनवर सरकारी दुभाषी सेवा उपलब्ध असते. औषधपाण्यासाठी ती कधीमधी वापरली गेली, गप्पांसाठी कुणी वापरली नाही. आठवड्यातून अर्धा तास जरी कुरेची बोली समजणारं कुणी आजींशी बोललं असतं, तरी ते बोलणं नुसतं रेकॉर्ड होण्याऐवजी त्याला उत्तर मिळालं असतं. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी उणीव हीच.

दुसरं, प्रश्न कोणता विचारायचा. सगळे आजींना युद्धाबद्दल विचारायचे आणि त्या विषय बदलायच्या. घरात कोण कोण होतं, कोण कुठे झोपायचं, कुणाच्या ताटात काय वाढलं जायचं, हे कुणी विचारलं नाही. कदाचित त्यांनी तेही सांगितलं नसतं. तो त्यांचा हक्क होता.

नोंदवहीची प्रत त्यांच्या हयातीत, त्यांना सांगून काढता आली असती. वजा झालेल्या नोंदी आता दीडशे वर्षं जपतात, तेव्हा कागद कुठे पळून जात नाही. पण कागदावरच्या नावाबद्दल विचारायचं माणूस राहत नाही. अस्थींबाबतही हाडं न दळता मिळतील का, हे दहनाआधी विचारता आलं असतं. आणि भाचीला पहिल्याच पत्रात, माहिती मागण्याआधी, तुमचं कसं चाललंय हे विचारलं असतं तर थडग्याची गोष्ट सहा महिने आधी कळली असती.

ईमेलबद्दल नातीने स्वतःच मामाची माफी मागितली. अशी गोष्ट समोरासमोर, चहा घेताना सांगायची असते, हे तिला सांगावं लागलं नाही. मामाने ती दुसरी फाइल अजून उघडलेली नाही, आणि त्याने ती उघडायलाच हवी असं मला वाटत नाही.